टिपकागदापासून प्रतिमेपर्यंत : शुष्कनेत्र विकाराच्या निदानाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

डोळ्यांत खुपणे, वाळूचे कण गेल्यासारखे वाटणे, जळजळ होणे, वाचताना अक्षरे मध्येच पुसट होऊन डोळे मिचकावताच पुन्हा स्पष्ट दिसणे, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाचा डोळा वरवर पाहता पुष्कळदा निरोगीच दिसतो. काही वेळा तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. डोळे पाणावलेल्या माणसाला 'तुमचे डोळे कोरडे आहेत' असे सांगितले तर त्याला ते सहजासहजी पटत नाही. रुग्णाला जाणवते ते वैद्याला दिसत नाही आणि वैद्याला सापडते ते रुग्णाला उमगत नाही, ही या विकारातील जुनी अडचण होय. शुष्कनेत्र विकाराच्या निदानाचा इतिहास हा एका अर्थाने ही दरी बुजवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली आणि डोळ्याच्या आतील दृष्टिपटल जिवंत माणसात पाहणे शक्य झाले. त्यामुळे काचबिंदू व दृष्टिपटलाचे विकार यांच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. याउलट डोळ्याच्या अगदी दर्शनी भागावर पसरलेला अश्रूंचा थर मात्र दीर्घकाळ नजरेतून निसटत राहिला. तो पारदर्शक आहे, अत्यंत पातळ आहे आणि पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर नव्याने तयार होतो. शिवाय त्याला स्पर्श करताच त्याचे मूळ स्वरूप बदलते. ज्याला हात लावताच ते बदलते, त्याचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे नेत्रवैद्यकासमोर उभा होता. प्रतिमातंत्राने त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आणि त्या उत्तरातून उभे राहिलेले नवे प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) शुष्कनेत्र विकाराच्या निदानपद्धतींच्या विकासाचे टप्पे कालक्रमाने स्पष्ट करणे.
२) स्पर्शावर आधारित चाचण्यांकडून प्रकाशावर आधारित प्रतिमातंत्राकडे झालेल्या स्थित्यंतराची कारणे शोधणे.
३) प्रतिमातंत्रामुळे विकाराच्या व्याख्येत कोणते बदल घडून आले आणि रुग्णाच्या तक्रारीचे स्थान काय राहिले, याची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय वाङ्मय हा त्याचा आधार आहे. वैद्यकीय उपचारांची चर्चा लेखाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

अश्रुपटलाची ओळख :

डोळ्यांच्या कोरडेपणाची जाणीव प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची गणना आढळते व त्यांत 'शुष्काक्षिपाक' या रोगाचा समावेश आहे. पापण्या रुक्ष व कठीण होणे, डोळे उघडण्यास त्रास होणे, दृष्टी गढूळ होणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. या वर्णनाचे आजच्या शुष्कनेत्र विकाराशी असलेले साम्य लक्षवेधी असले तरी दोन्ही एकच होत असे मानणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. प्राचीन ग्रंथातील रोगकल्पना दोषविचारावर उभी आहे, तर आधुनिक कल्पना अश्रूंच्या थराच्या रचनेवर उभी आहे. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, त्या काळी रोग ओळखण्याचा मुख्य आधार रुग्णाने सांगितलेले लक्षण आणि वैद्याच्या डोळ्यांना व बोटांना जाणवणारा रुक्षपणा हाच होता.

आधुनिक काळात हेनरिक मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये पापणीतील सूक्ष्म ग्रंथींचे वर्णन केले. त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. वरच्या पापणीत साधारणपणे २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० मायबोमियन ग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारा तेलकट पदार्थ अश्रूंवर पसरतो. अश्रूंचा थर तीन भागांचा असतो, ही मांडणी मात्र बऱ्याच उशिरा, म्हणजे १९४६ मध्ये युजीन वुल्फ या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने केली. सर्वांत वर तेलाचा पापुद्रा, मध्ये पाण्याचा थर आणि पारपटलाला म्हणजे कॉर्नियाला लागून श्लेष्माचा थर, अशी ती रचना होय. पुढे श्लेष्मा व पाणी एकमेकांत मिसळलेले असतात असे दिसून आले, तरी बाहेरचा तेलकट पापुद्रा वेगळा असतो ही गोष्ट कायम राहिली.

या पापुद्र्याचे कार्य १९६१ मध्ये मिशिमा व मॉरिस यांच्या सशांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. तेलाचा थर काढून टाकल्यास पारपटलावरून होणारे बाष्पीभवन अनेक पटींनी वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे डोळा दोन कारणांनी कोरडा पडू शकतो : एक तर अश्रू कमी तयार होतात, किंवा पुरेसे तयार होऊनही लवकर उडून जातात. पहिल्या कारणाचा शोध घेण्याचे साधन तोपर्यंत उपलब्ध होते. दुसरे कारण जिवंत रुग्णात दाखवून देण्याचे साधन मात्र नव्हते. निदानाच्या पुढील इतिहासाची दिशा या विषमतेने ठरवली.

कागद आणि रंग : स्पर्शाचा कालखंड

ऑटो शर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ मध्ये अश्रूंचे प्रमाण मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ठराविक वेळात ती किती ओली होते हे पाहायचे, इतकी ती साधी आहे. पुढे प्रमाणित झालेल्या स्वरूपात पट्टी ५ मिलिमीटर रुंद व ३५ मिलिमीटर लांब असते आणि ५ मिनिटांनी ओलाव्याची लांबी मोजली जाते. ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरल्यास अश्रूंची कमतरता आहे असे सामान्यतः मानले जाते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि खर्च नगण्य येतो. त्यामुळे शतक उलटून गेल्यावरही ही चाचणी जगभर वापरात आहे.

तथापि या चाचणीचा दोष तिच्या रचनेतच आहे. डोळ्यात कागद गेला की डोळा पाणावतो. मोजले जाणारे पाणी नेहमीचे की कागदाच्या टोचणीने आलेले, हे सांगणे कठीण होते. लेस्टर जोन्स यांनी १९६६ मध्ये डोळा आधी बधिर करून चाचणी घेण्याची पद्धत सुचवली. त्यामुळे टोचणीचा परिणाम कमी झाला, पण संपला नाही. शिवाय ही चाचणी केवळ पाण्याविषयी सांगते. तेलाच्या पापुद्र्याविषयी ती मूक राहते.

दुसरे साधन रंगाचे होते. अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुरेसिन हा रंग तयार केला आणि १८८० च्या दशकात पारपटलावरील जखमा दाखवण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. आल्व्हार गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये स्लिट लॅम्प हे उपकरण सादर केले. प्रकाशाची अरुंद चीर डोळ्यावर टाकून पृष्ठभाग मोठा करून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. रंग आणि स्लिट लॅम्प यांच्या संयोगाने कोरडेपणामुळे झालेली पृष्ठभागाची हानी ठिपक्यांच्या रूपात दिसू लागली.

या साधनांच्या बळावर स्वीडनमधील हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये स्टॉकहोम येथे आपला प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्री-रुग्णांचा अभ्यास होता आणि त्यांपैकी १३ जणींना सांधेदुखीचा जुनाट विकार होता. डोळ्यांचा कोरडेपणा, तोंडाचा कोरडेपणा व सांध्यांचा दाह ही एकाच सार्वदेहिक विकाराची अंगे आहेत, असे त्यांनी दाखवले. शर्मरची पट्टी, रोझ बेंगॉल हा रंग आणि ऊतींचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण हे त्यांचे पुरावे होते. परंतु विद्यापीठीय परीक्षकांनी प्रबंधाला इतके कमी गुण दिले की त्यांना अध्यापनपदाची पात्रता मिळाली नाही. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूस हॅमिल्टन यांनी प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद केल्यावरच त्याकडे जगाचे लक्ष गेले. आज हा विकार श्योग्रेन यांच्या नावाने ओळखला जातो. एकोणीस स्त्रियांच्या सुट्या सुट्या वाटणाऱ्या तक्रारींना एकत्र जोडणारा दुवा ठिपक्यांच्या व ओलाव्याच्या मोजमापातून मिळाला, ही बाब या इतिहासात महत्त्वाची आहे.

डेन्मार्कमधील मोगेन्स नॉर्न यांनी १९६९ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. फ्लुरेसिन घातलेल्या डोळ्याची उघडझाप थांबवून अश्रूंच्या थरात पहिली भेग किंवा कोरडा ठिपका किती वेळाने दिसतो, हे त्यांनी मोजले. थर फुटण्याचा हा अवधी पुढे निदानाचा एक प्रमुख निकष ठरला आणि १० सेकंदांहून कमी अवधी सदोष मानण्याची प्रथा पडली. येथे प्रथमच प्रमाणाऐवजी स्थैर्य मोजले गेले. अश्रू किती आहेत यापेक्षा ते किती काळ टिकतात, हा प्रश्न पुढे आला. बाष्पीभवनामुळे पडणाऱ्या कोरडेपणाचा मागोवा घेण्याचा मार्ग यातून मोकळा झाला.

बाधा न आणता पाहण्याचा प्रयत्न :

नॉर्न यांच्या चाचणीतही डोळ्यात बाहेरचा द्रव घालावा लागत होता. मेंगर, ब्रॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या मर्मावर बोट ठेवले. फ्लुरेसिन घातल्यामुळे अश्रूंचा थर मुळापेक्षा लवकर फुटतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे जे मोजायचे तेच मोजण्याच्या कृतीने बिघडत होते. त्यांनी पर्याय म्हणून डोळ्यावर रेषांची जाळी प्रक्षेपित केली आणि अश्रूंच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या त्या जाळीत वेडेवाकडेपणा केव्हा येतो, याची नोंद घेतली. डोळ्याला कशाचाही स्पर्श होत नव्हता. स्पर्शाकडून प्रकाशाकडे झालेल्या स्थित्यंतराचा हा निर्णायक टप्पा म्हणता येईल.

या पद्धतीची मुळे मात्र त्याहून जुनी होती. पोर्तुगालमधील अँटोनियो प्लासिडो यांनी १८८० च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या समकेंद्री वर्तुळांची चकती तयार केली. तिचे प्रतिबिंब पारपटलावर पाहून त्याची वक्रता तपासली जाई. वास्तविक हे प्रतिबिंब पारपटलाचे नसून त्यावरील अश्रुपटलाचे असते. वक्रता मोजणाऱ्याच्या दृष्टीने वर्तुळे मध्येच थरथरणे किंवा तुटणे हा अडथळा होता. अशा वेळी रुग्णाला डोळे मिचकावण्यास सांगून प्रतिमा पुन्हा घेतली जाई. शुष्कनेत्र विकाराच्या अभ्यासकांनी हाच अडथळा पुरावा म्हणून स्वीकारला. एकविसाव्या शतकात आलेल्या केराटोग्राफसारख्या संगणकीय उपकरणांत वर्तुळे पहिल्यांदा कोठे व किती सेकंदांनी तुटली, याची नोंद यंत्र आपोआप घेते. तंत्राच्या इतिहासात एका शास्त्राचा दोष दुसऱ्या शास्त्राचा आधार होण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

तेलाचा पापुद्रा दाखवण्याचे कामही प्रकाशानेच केले. पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यात सांडलेल्या तेलावर रंगांचे पट्टे दिसतात. तेलाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे ते निर्माण होतात आणि त्यांचा रंग थराच्या जाडीवर अवलंबून असतो. अश्रूंवरील तेलाच्या थरातही असेच रंग दिसतात, याकडे अमेरिकेतील मॅक्डोनाल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लक्ष वेधले. नॉर्न यांनी १९७९ मध्ये या रंगांच्या आधारे जाडीचा अदमास घेण्याचा प्रयत्न केला. पुढे गिलन यांच्या टियरस्कोप या उपकरणामुळे हे आकृतिबंध दवाखान्यात पाहता येऊ लागले व त्यांचे वर्गीकरण झाले. जपानमधील योकोई व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे आकृतिबंध आणि विकाराची तीव्रता यांतील संबंध दाखवला. ज्या थराची जाडी काही दशक नॅनोमीटर इतकीच असते, तो अशा रीतीने दृश्य झाला.

संपूर्ण अश्रुपटल किती जाड आहे, हा वाद मात्र बराच काळ मिटला नव्हता. १९६० च्या दशकातील मापनांत ही जाडी ७ ते ८ मायक्रोमीटरच्या आसपास धरली जाई. प्रायडल व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये लेझर व्यतिकरणाच्या साहाय्याने ती ३४ ते ४५ मायक्रोमीटर असल्याचे प्रतिपादन केले. ओहायो येथील किंग-स्मिथ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून ती केवळ ३ मायक्रोमीटरच्या जवळपास असल्याचे मांडले. २००३ मध्ये वांग व सहकाऱ्यांनी वेगळ्या तंत्राने, अप्रत्यक्ष रीतीने मोजली असता ती ३.३ मायक्रोमीटर आली. दोन स्वतंत्र मार्गांनी उत्तर जवळजवळ एकच आल्याने वाद बऱ्याच अंशी निवळला. अधिक अद्ययावत उपकरण म्हणजे अधिक खरे उत्तर असे समीकरण नसते. भिन्न पद्धतींच्या उत्तरांचा मेळ बसणे महत्त्वाचे असते, हा बोध या प्रकरणातून मिळतो.

पापणीच्या आतील ग्रंथींचे छायाचित्रण :

कोर्ब व हेन्रिकेझ यांनी १९८० मध्ये स्पर्शभिंगे न सोसण्याच्या तक्रारीचा संबंध मायबोमियन ग्रंथींच्या कार्यदोषाशी जोडला. ग्रंथी पापणीच्या आत असल्याने त्या बिघडल्या आहेत हे दाखवणे अवघड होते. १९७७ मध्ये तापी यांनी आणि १९८० च्या दशकात जेस्टर, रॉबिन व सहकाऱ्यांनी या ग्रंथींचे जिवंत अवस्थेत चित्रण केले. पापणी उलटून तिच्या मागून प्रकाश सोडला की ग्रंथींच्या रेषा उठून दिसत. परंतु प्रकाशाची नळी पापणीला टेकवावी लागे, ते रुग्णाला त्रासदायक होई आणि त्यामुळे हे तंत्र बराच काळ संशोधनापुरतेच राहिले.

जपानमधील रेइको अरिता व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पापणीला उपकरण न टेकवता अवरक्त किरणांनी हे चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अवरक्त प्रकाश डोळ्याला दिपवत नाही. स्लिट लॅम्पला अवरक्त गाळणी व कॅमेरा जोडून पापणी उलटली की अल्पावधीत ग्रंथींचे चित्र मिळते. ग्रंथींची हानी नसल्यास ०, एक तृतीयांशापेक्षा कमी असल्यास १, एक ते दोन तृतीयांश असल्यास २ आणि त्याहून अधिक असल्यास ३, अशी गुणांकनपद्धतीही त्यांनी दिली. या पहिल्या अभ्यासाचा विषय रुग्ण नव्हते, तर २३६ निरोगी व्यक्ती होत्या. वय वाढते तशी ग्रंथींची हानी निरोगी माणसांतही वाढत जाते, असे त्यातून आढळले. म्हणजे चित्रात ग्रंथी झडलेल्या दिसल्या म्हणून ती व्यक्ती आजारी ठरते असे नाही. या तंत्राच्या जन्मासोबतच त्याची मर्यादाही नोंदवली गेली होती. पुढील काळातील उत्साहात ती नेहमीच लक्षात ठेवली गेली, असे म्हणता येत नाही.

याच सुमारास ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी, हे तंत्र अश्रूंच्या अभ्यासात आले. हुआंग, फुजिमोटो व सहकाऱ्यांनी ते १९९१ मध्ये जाहीर केले होते. ऊतीच्या वेगवेगळ्या खोलीवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या आधारे तिचा उभा छेद दाखवणारे हे तंत्र प्रथम दृष्टिपटलासाठी गाजले. १९९४ मध्ये डोळ्याच्या पुढील भागासाठी त्याचा वापर झाला. खालच्या पापणीच्या कडेला अश्रूंची जी बारीक कड साचते तिची उंची २००६ च्या सुमारास ओसीटीने मोजली जाऊ लागली. शर्मर यांनी ज्या प्रश्नाचे उत्तर कागद ओला करून शोधले होते, त्याच प्रश्नाचे उत्तर आता डोळ्याला न शिवता मिळू लागले.

प्रतिमा, व्याख्या आणि रुग्णाची तक्रार :

निदानाची साधने बदलली की रोगाची कल्पनाही बदलते. १९९५ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञगटाने शुष्कनेत्र विकाराची व्याख्या करताना अश्रूंची कमतरता व अतिरिक्त बाष्पीभवन या दोन्ही कारणांना स्थान दिले. २००७ च्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेच्या अहवालाने त्यात अश्रूंमधील क्षारांची दाटी व दाह यांची भर घातली. लेम्प व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात वर्गीकरण होऊ शकलेल्या १५९ रुग्णांपैकी ७९ जणांत केवळ बाष्पीभवनाचा, २३ जणांत केवळ अश्रूंच्या कमतरतेचा आणि ५७ जणांत मिश्र प्रकार आढळला. कागदाच्या पट्टीने शतकभर ज्या प्रकाराचा शोध घेतला, तो एकटा असा अल्पसंख्य निघाला. कागदाला जे मोजता येत होते तेच विकाराचे मुख्य रूप समजले गेले होते, हे यावरून लक्षात येते.

मग नव्या प्रतिमांच्या बाबतीतही हेच घडणार नाही कशावरून? हा प्रश्न तात्त्विक वाटला तरी त्याला रुग्णाच्या बाजूने गंभीर अर्थ आहे. निकोल्स व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, रुग्णाची तक्रार आणि चाचण्यांचे निष्कर्ष यांत मेळ बसत नाही. काहींच्या डोळ्यावर स्पष्ट हानी असते पण तक्रार नसते; काहींना असह्य त्रास होतो पण चाचणीत फारसे काही सापडत नाही. बोस्टनचे पेरी रोझेंथल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डाग न दिसता होणाऱ्या पारपटलाच्या वेदनेवर लेख लिहिला. अशी वेदना खरी असते का, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच उपस्थित केला. वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतच बिघाड असू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. डाग दिसत नाही म्हणून दुःख नाही असे मानल्यास रुग्णाला मानसिक विकाराचा शिक्का घेऊन परतावे लागते. श्योग्रेन यांच्या प्रबंधाला मिळालेली वागणूक आणि या रुग्णांना मिळणारी वागणूक यांत एक समान धागा आहे : जे प्रचलित साधनाला दिसत नाही त्याच्या अस्तित्वाविषयीच शंका घेतली जाते.

या पार्श्वभूमीवर २०१७ च्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय अहवालाने स्वीकारलेला क्रम अर्थपूर्ण आहे. निदानाची सुरुवात यंत्राने नव्हे, तर रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नावलीने होते. तीत ठराविक गुणसंख्या ओलांडली गेली, तरच पुढील चाचण्यांकडे वळायचे असते. त्यांत डोळ्याला स्पर्श न करता मोजलेला थर फुटण्याचा अवधी, अश्रूंमधील क्षारांची दाटी आणि पृष्ठभागावरील ठिपके यांपैकी एक तरी सदोष असणे आवश्यक मानले गेले. ग्रंथींचे चित्रण, तेलाच्या थराचे परीक्षण व अश्रूंच्या कडेची उंची यांचा उपयोग विकार आहे की नाही हे ठरवण्यासाठी नसून तो कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवण्यासाठी आहे. २०२५ च्या तिसऱ्या अहवालातही हा विकार रुग्णाला जाणवणारा विकार आहे, ही भूमिका कायम राहिली. शंभर वर्षांच्या यांत्रिक प्रगतीनंतर रुग्णाचा शब्द पुन्हा पहिल्या पायरीवर आला, ही या इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय घटना म्हणावी लागेल.

भारतीय संदर्भ :

साधन व निकष बदलले की विकाराचे प्रमाण कसे बदलते, हे भारतातील रुग्णालयीन अभ्यासांवरून दिसते. जयपूर येथील ५०० रुग्णांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण १८.४ टक्के आढळले. उत्तर भारतातील १५,६२५ व्यक्तींच्या, प्रश्नावलीवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात ते ३२ टक्के होते. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१९ मध्ये सुमारे साडेचौदा लाख नव्या रुग्णांच्या संगणकीय नोंदी तपासल्या, तेव्हा शुष्कनेत्र असे निदान नोंदलेल्यांचे प्रमाण १.४६ टक्के भरले. या आकड्यांमागे रुग्णसमूह व हवामान यांचा फरक आहेच; परंतु प्रश्न विचारून काढलेले प्रमाण आणि दैनंदिन तपासणीत नोंदले गेलेले प्रमाण यांतील अंतर केवळ हवामानाने स्पष्ट होत नाही. प्रश्न विचारला तर विकार दिसतो; न विचारला तर तो नोंदीतून निसटू शकतो.

व्यवहाराच्या दृष्टीनेही याचे महत्त्व आहे. केराटोग्राफ वा ओसीटी यांसारखी उपकरणे महागडी असून ती प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आढळतात. तालुक्याच्या ठिकाणी स्लिट लॅम्प, फ्लुरेसिनची पट्टी व शर्मरचा कागद हीच साधने हाताशी असतात. प्रतिमेशिवाय निदान अशक्य आहे असा समज रूढ झाला, तर ग्रामीण रुग्णाचे निदान परिस्थितीमुळे नव्हे तर समजुतीमुळे राहून जाईल. प्रश्नावलीला खर्च येत नाही. मात्र ती रुग्णाच्या भाषेत, त्याला कळेल अशा शब्दांत असावी लागते. 'डोळ्यांत कचकच होते', 'डोळे चुरचुरतात', 'डोळ्यांवर ताण येतो' या मराठी बोलीतील तक्रारींचे अचूक स्थान ठरवणे हे भाषेच्या व वैद्यकाच्या अभ्यासकांनी मिळून करण्याजोगे काम आहे.

संगणकाकडून प्रतिमांचे परीक्षण करून घेण्याचे प्रयोगही सुरू झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ग्रंथींच्या ७०६ चित्रांवर संगणकीय प्रणाली घडवून ग्रंथींच्या हानीचे मोजमाप केले. अशा प्रणाली परीक्षणातील व्यक्तिसापेक्षता कमी करतील, यात शंका नाही. पण संगणकाला शिकवण्यासाठी वापरलेल्या चित्रांवर खुणा व गुण माणसांनीच दिलेले असतात आणि चित्रातील हानी म्हणजे रुग्णाचे दुःख नव्हे, ही अरिता यांच्या पहिल्या अभ्यासातून निघणारी मर्यादा संगणकालाही लागू आहे.

निष्कर्ष :

१) शुष्कनेत्र विकाराच्या निदानाचा इतिहास हा स्पर्शाकडून प्रकाशाकडे झालेला प्रवास आहे. कागद व रंग यांमुळे अश्रुपटल मोजताना बिघडत होते. ते न बिघडवता पाहता येणे हे प्रतिमातंत्राचे खरे योगदान होय.

२) प्रत्येक साधनाने स्वतःला दिसणारे रूप हेच विकाराचे मुख्य रूप असल्याचा समज निर्माण केला. शर्मरच्या पट्टीने पाण्याची कमतरता पुढे आणली, तर अवरक्त चित्रणाने ग्रंथींचा दोष पुढे आणला. विकाराची व्याख्या साधनांच्या आवाक्याबरोबर विस्तारत गेली.

३) प्रतिमा विकाराचा प्रकार व कारण सांगू शकते, परंतु विकाराची तीव्रता आणि त्याने झालेला त्रास तिच्यावरून पूर्णपणे कळत नाही. म्हणून २०१७ व २०२५ च्या अहवालांनी रुग्णाच्या तक्रारीला दिलेले स्थान इतिहासाच्या कसोटीवर योग्य ठरते.

४) साधनांची टंचाई असलेल्या भागांत योग्य प्रश्न, स्लिट लॅम्प व साधी पट्टी यांच्या आधारे विश्वसनीय प्राथमिक निदान शक्य आहे.

१९३३ मध्ये १९ स्त्रियांच्या तक्रारी एका तरुण डॉक्टरने खऱ्या मानल्या आणि मग त्यांचा पुरावा शोधला. आधी पुरावा मागून नंतर तक्रार खरी मानण्याचा क्रम त्याने ठेवला असता, तर तो विकार आणखी किती काळ अज्ञात राहिला असता हे सांगता येत नाही. साधने बदलली तरी हा क्रम बदलू नये, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.